रोमन ढालीचा घुमट आणि पातेल्यावरचं नाव

आमच्या स्वयंपाकघरात एक जुना पितळी डबा आहे. त्याच्या झाकणाच्या काठावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचं नाव घातलंय, खाली साल. मराठी घरात हे काही नवल नाही. नाव नसलेलं भांडं शेजारी गेलं की परत येईलच असं नाही.

साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी एका रोमन शिपायाने याच धोरणाने, याच पद्धतीने आपल्या ढालीवर नाव घालून घेतलं. ढालीचा तो मधला धातूचा भाग १८६७ साली इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीत सापडला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काठावर ठिपक्यांनी लिहिलंय: ज्युलियस मॅग्नसच्या शंभरीतल्या ज्युनियस डुबिटॅटसचा. (शंभरी नुसती म्हणायची, प्रत्यक्षात तुकडीत माणसं ८०.) त्याची पलटण आठवी ऑगस्टा, म्हणजे स्ट्रासबर्गला तळ असलेली. ढाल समुद्र ओलांडून ब्रिटनला पोचली आणि नदीत गेली. डुबिटॅटस या नावात लॅटिनमधलं ‘शंका घेणं’ आहे, त्यामुळे हा गडी मला उगीचच आवडतो.

रोमन शिपायाचा वेश करून इतिहास जिवंत करणाऱ्या हौशी मंडळींना हा तुकडा चांगलाच माहीत असतो. ब्रिटनमधली अर्मिन स्ट्रीट गार्ड ही त्यातली जुनी संस्था १९७२ पासून हे काम करते आहे. पोशाख शिवून घेता येतो, तलवार विकत मिळते. खरा कस लागतो तो ढालीवरच्या धातूकामात. एक तर मधला घुमट, ज्याला लॅटिनमध्ये ‘उम्बो’ म्हणतात, आणि दुसरी कडेने फिरणारी यू आकाराची पितळी पट्टी.

घुमट मध्येच का? आपल्याकडच्या जुन्या गोल ढालींवर बहुधा चार फुलं असतात. मागे मुठीचे पट्टे अडकवायच्या कड्यांचे रिव्हेट त्यांच्याखाली झाकले जातात. रोमन ढालीत फळीला मधोमध भोक असतं, त्यावर आडवी मूठ, आणि मुठीत धरलेला हात थेट घुमटाच्या पोकळीत. म्हणजे घुमट हे हाताचं शिरस्त्राणच. शिवाय समोरच्याच्या अंगावर ढाल आदळायची तर पहिला ठोसा त्याचाच.

लाकडी भाग क्वचितच टिकला. आयताकृती, बाकदार अशी जवळजवळ पूर्ण ढाल मिळाली ती सीरियातल्या ड्युरा-युरोपोस या गावी, आणि ती आता येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. हे गाव इसवी सन २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेने जिंकलं. ढाल पातळ पट्ट्यांच्या तीन थरांची आहे, बाहेरचे दोन थर आडवे आणि मधला उभा, म्हणजे आजच्या प्लायवूडचीच युक्ती. लाकूड फुगतं-आकसतं ते मुख्यतः रेषांना आडवं, म्हणून थर एकमेकांना काटकोनात ठेवले की ते एकमेकांना आवरून धरतात. गंमत म्हणजे तिच्या काठाला पितळ नाहीच, टाके घालून बसवलेलं कातडं आहे. आणि घुमट गायब. म्हणजे लाकूड आहे तिथे धातू नाही, धातू आहे तिथे लाकूड कुजलेलं. नक्कल करणाऱ्याला दोन काळांतले, दोन खंडांतले तुकडे जोडून ढाल उभी करावी लागते.

आता घुमट. सपाट पत्र्याचा गोल कापायचा, मधला भाग लाकडाच्या खळग्यात ठोकत खोल करायचा, मग लोखंडी आधारावर उलटा ठेवून बाहेरून मठारत आकार बसवायचा. पुण्याच्या तांबट आळीत कुणी बंब घडवताना पाहिलं असेल तर त्याला हे वेगळं समजवायला नको. पण दहा-पंधरा मिनिटं ठोकल्यावर पितळ ऐकेनासं होतं. हातोडी उडते, आवाज चढा येतो. तिथेच थांबायचं. पुढे ठोकलं तर काठावर केसासारखी चीर येते आणि दिवसभराची मेहनत मोडीत.

हे होतं कारण धातूतले अणू रांगांमध्ये बसलेले असले तरी त्या रांगांत जागोजाग चुका असतात, आणि धातू वाकतो तो या चुका सरकतात म्हणून. ठोकताना नव्या चुका जन्मतात आणि एकमेकींच्या वाटेत येतात. दादरच्या पुलावर वीस माणसं असली तर सगळी झपाझप जातात; दोन हजार आली की कुणीच हलत नाही. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवला की अणूंना नव्याने रांगा लावायला सवड मिळते, जुने ताणलेले कण जाऊन नवे मऊ कण तयार होतात. मग पुन्हा ठोका, पुन्हा तापवा. अशा किती फेऱ्या लागतील हे हाताला कळतं, घड्याळाला नाही.

खरी चूक बहुतेकांकडून होते ती पितळ निवडताना. बाजारातल्या नेहमीच्या पितळी पत्र्यात ३० ते ३७ टक्के जस्त असतं. रोमनांना एवढं जस्त घालता येतच नव्हतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळून उडून जातं. म्हणून ते जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत एकत्र तापवत. जस्ताची वाफ आतल्या आत कोंडून हळूहळू तांब्यात मुरायची. या पद्धतीत जस्ताचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांवर जात नाही, आणि चांगल्या रोमन पितळात ते २० टक्क्यांच्या आसपास असतं. (जस्त वेगळा धातू म्हणून मोठ्या प्रमाणावर गाळायचं कसब पुढे राजस्थानातल्या झावरच्या खाणींवर फुललं.) त्यामुळे रोमन पितळाचा रंग सोन्याकडे झुकतो, आजच्या पत्र्यासारखा लिंबाकडे नाही. रंग जुळवायचाच असेल तर १५ टक्के जस्ताचा पत्रा शोधावा. महाग पडतो, पण मऊही असतो.

जास्त जस्ताचा आणखी एक तोटा आहे आणि त्याची गोष्ट आपल्याकडचीच आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. तबेल्यात ठेवलेल्यांचे हाल जास्त. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, तिघांनी मिळून हा उद्योग केला होता. हे कोडं १९२१ च्या सुमारास नीट उलगडलं आणि उपाय निघाला तो काडतूस शेवटी थोडं तापवून ताण घालवायचा. ढालीची काठपट्टी वाकवून तशीच ठोकून बसवली आणि वर अमोनियावाल्या पॉलिशने घासत राहिलं, की तिच्या वळणावरही हेच होऊ शकतं.

काठपट्टीचं बाकी काम कंटाळवाणं आहे. पातळ पत्र्याच्या पट्ट्या मधोमध दुमडायच्या, कानांना भोकं पाडायची, खिळे आरपार काढून मागे वळवायचे. कोपऱ्याच्या वळणावर पत्र्याला सुरकुत्या पडतात. ज्याला त्या न पडता जमतं तो कारागीर.

आणि मग कल्हई. डुबिटॅटसच्या घुमटावर गरुड, बैल, युद्धदेव मार्स आणि चार ऋतूंच्या आकृत्या कोरलेल्या आहेत आणि त्यावर कथिलाचा मुलामा आहे. म्हणजे हा घुमट पिवळाधमक चमकणारा नव्हता, त्यात चांदीची झाक होती. हे माहीत नसलेली मंडळी पितळ घासून घासून सोन्यासारखं करतात आणि फोटोत फार छान दिसतात, पण या घुमटाची नक्कल करत असतील तर चुकतात. कथील २३२ अंशांनाच वितळतं. तापल्या धातूवर नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरकन फिरवायचं, हे आपल्या कल्हईवाल्याचं तंत्र नक्कल करणाऱ्यालाही चालतं. नवसागर नंतर स्वच्छ धुवायचा. त्यातही अमोनियाच दडलेला असतो. तांब्याच्या भांड्यांना कथील लावल्याने चव सुधारते आणि हिरवट गंजाचं विष आवरतं, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय.

कथील नुसतं वर बसत नाही, ते तांब्याशी मिळून एक पातळ, राखाडी, कडक थर बनवतं. वरचं कथील झिजून गेलं तरी हा थर राहतो. पण जुना तुकडा मुळात कोणत्या धातूचा हे ओळखायचं तर पृष्ठभागावर क्ष-किरणांचं यंत्र टेकवून भागत नाही. मातीत पडलेल्या पितळातून जस्त आधी निसटतं, वर राहतं लालसर तांबं, आणि यंत्र म्हणतं हे पितळ नव्हेच. आतला स्वच्छ धातू पाहावा लागतो.

स्वस्तातली तयार घुमटं आणि शिरस्त्राणं बरीचशी मेरठ-देहराडूनकडच्या कारखान्यांतून जगभर जातात. त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार एकच, पत्रा जाड. जाड पत्रा यंत्रावर दाबायला सोपा, पण ढाल डाव्या हातात तासभर धरून उभं राहणाऱ्याला त्यातला प्रत्येक ग्रॅम कळतो.

एवढं सगळं झालं तरी ढालीचा शत्रू राहतोच, तो म्हणजे पाऊस. जनावरांच्या कातड्या-हाडांतून काढलेला सरस पाण्याने सुटतो, आणि थर सुटले की पितळी काठ एकटा काय करणार? त्यासाठी रोमन शिपाई ढालीला चामड्याचा अभ्रा घालत. इसवी सन पूर्व ५७ मध्ये साबिस नदीकाठी शत्रू इतक्या अचानक तुटून पडला की शिपायांना ढालींचे अभ्रे काढायलाही वेळ मिळाला नाही, असं रोमन सेनापती सीझर लिहितो. स्वित्झर्लंडमधल्या व्हिंडोनिसाच्या लष्करी तळावर अशा अभ्र्यांचे तुकडे टिकून राहिले आहेत, सुईच्या भोकांसकट. भोकं मोजून, अंतर जुळवून त्यावरून आजचे अभ्रे शिवता येतात. घुमटावर तीन आठवडे घालवलेला माणूस पहिल्याच पावसाळी संचलनात तो अभ्रा चढवतो, आणि कल्हई कुणालाच दिसत नाही.