बोल्टसाठी भोक किती मोठं हवं?

गच्चीवरची पावसाळी शेड, दुकानातला पोटमाळा, गाळ्यातली क्रेन गर्डर. मुंबईत आमचा बहुतेक लोखंडी माल अरुंद गल्ल्यांमधून सुटा जातो आणि जागेवर नट-बोल्टने जोडला जातो. या जोडणीत सगळ्यात जास्त हयगय भोकांची होते, म्हणून हे पत्रक.

२० मिमीच्या बोल्टला २० चं भोक पाडत नाहीत. दोन-तीन प्लेटा एकावर एक आल्या की भोकं थोडी मागेपुढे होतातच, आणि मग बोल्ट आत जात नाही. आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकाप्रमाणे १२ मिमीच्या बोल्टला १ मिमी, १६ ते २४ ला २ मिमी आणि त्याहून जाड बोल्टला ३ मिमी जागा सोडायची. म्हणजे १६ ला १८, २० ला २२, २४ ला २६, ३० ला ३३. आम्ही हीच मापं धरतो. खाऱ्या हवेमुळे गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) माल मागवलात, तर भोकात साचलेलं जस्त काढूनच पाठवतो.

आता कळकळीची विनंती. साइटवर भोक जुळलं नाही तर गॅस कटर लावू देऊ नका. पाच मिनिटांत काम होतं, पण भोक वेडंवाकडं होतं, कड खडबडीत राहते आणि बोल्ट एखाद्या टोकावरच टेकतो. चार बोल्टांचा भार मग एक-दोघांवरच येतो. प्लेटही कमकुवत होते. १०० मिमी रुंद प्लेटमध्ये शेजारी शेजारी २२ ची दोन भोकं पाडली तर ५६ मिमी लोखंड उरतं. तीच भोकं २८ ची झाली तर ४४. एक पंचमांशाहून जास्त लोखंड गेलं, आणि वरून वॉशर बसला की ते कुणाला दिसतही नाही.

थोडाच फरक असेल तर निमुळती पिन ठोकून भोकं एका रेषेत आणा. तेवढ्याने भागलं नाही तर रीमरने (भोक गोल ठेवून मोठं करणाऱ्या हत्याराने) २२ चं भोक २६ करून २४ चा बोल्ट घालता येतो. मात्र आधी डिझायनरला विचारा आणि माप घ्या: मशीनने कापलेल्या कडेपासून भोकाचा मध्य किमान ३९ मिमी (भोकाच्या दीडपट) आणि दोन बोल्टांमधलं अंतर किमान ६० मिमी (बोल्टच्या अडीचपट) हवं. हाताने गॅसवर किंवा शिअरवर (पात्याने प्लेट कापणाऱ्या यंत्रावर) कापलेली कड असेल तर दीडऐवजी १.७ पट धरा.

जुळवणीसाठी मुद्दाम मोठं किंवा थोडंसं लांबट (शॉर्ट स्लॉट) भोक हवं असेल तर ते ड्रॉइंगवरच दाखवा. अशा भोकात बोल्टची बेअरिंगची ताकद (भोकाच्या कडेवर टेकून भार घ्यायची) मानक नेहमीच्या भोकाच्या ०.७ पटच धरतं, त्यामुळे बोल्ट वाढवावे लागू शकतात. खांबाखालच्या बेस प्लेटची गोष्ट वेगळी: काँक्रीटमधले फाउंडेशन बोल्ट हलतात, म्हणून तिथे मोठं भोक आणि त्यावर जाड वॉशर प्लेट देतो.

रीमरनेही भागणार नाही इतका फरक असेल तर काम थांबवा आणि जागेवरची मापं व फोटो पाठवा. क्लीट (जोडणीचा लोखंडी तुकडा) नवी करून देऊ.