समुद्र सगळं परत देतो?

‘समुद्र पोटात काही ठेवत नाही, पावसाळ्यात सगळा कचरा परत फेकतो’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. किनारा साफ केला की समुद्रही साफ झाला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हा समज उगाच झालेला नाही. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा आणि लाटा जुहू, दादरच्या वाळूवर कचऱ्याचे ढीग आणून टाकतात. पण येतो तो मुख्यतः तरंगणारा माल. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ (घनसेंटिमीटरला ग्रॅममध्ये). पिशवीचं पॉलिथिन त्याहून हलकं, तर पाण्याच्या बाटलीचं पेट (PET) प्लास्टिक सुमारे १.३८ आणि जाळ्याचं नायलॉन १.१४ च्या आसपास. झाकण लावलेली बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे. हलक्या प्लास्टिकवरही शेवाळ, शिंपले चढले की तेही खाली बसू शकतं.

घरी करून बघा. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बाटलीचं टोपण आणि त्याच बाटलीचा कापलेला तुकडा टाका. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा, नाहीतर फसाल. टोपण वर राहील, तुकडा तळाशी जाईल.

त्याहून सोपं म्हणजे कोळीवाड्यात डोल (मासेमारीचं पिशवीसारखं जाळं) रिकामी होताना उभं राहा. बोंबील-जवळ्यासोबत वेफर्सची पाकिटं आणि पिशव्याही निघतात, आणि ते वेचत बसण्यात बायकांचा बराच वेळ जातो. किनारा सफाई हवीच. वाळूवरचा कचरा भरतीबरोबर पुन्हा आत जाण्याआधी उचलला जातो. पण बुडालेल्याला ती पोचत नाही. म्हणून नाल्याच्या तोंडाशी जाळी लावणं आणि ती वेळेवर उपसणं मला जास्त मोलाचं वाटतं.