धुराच्या नळ्या आतून का खराब होतात?
हॉट एअर जनरेटर आणि ड्रायरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोकणात काहीही गंजलं की आपण समुद्राकडे बोट दाखवतो. गेट, पत्रे, ग्रिल यांच्याबाबतीत ते खरंच आहे. पण चालू भट्टीच्या तोंडाशी असलेल्या नळ्यांपर्यंत खारा वारा जात नाही, तिथे असतो धूर. धुरातली वाफ आणि उरलेला ऑक्सिजन लोखंड खातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कार्बन डायऑक्साइडवर मात्र कोणाचा संशय जात नाही, कारण तो थंड आणि कोरडा असताना अगदी निरुपद्रवी असतो. सोड्याच्या गॅसची टाकीसुद्धा पोलादीच असते.

नळी लाल होईपर्यंत तापली की चित्र बदलतं. लोखंड या वायूतला ऑक्सिजन ओढून घेतं, वर काळी पपडी धरते आणि पपडीखाली सुटलेला कार्बन धातूत मुरतो. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. मुरलेला कार्बन नेमका क्रोमियमलाच पकडतो, त्याचे कार्बाइड होतात आणि थराला तडा गेला तर तो भरून काढायला क्रोमियम उरत नाही. धातू ठिसूळही होतो. म्हणूनच मापात जाडी ठीक दिसणारी नळी सरळ करताना हातोड्याने चिरते.

हा त्रास फक्त छोट्या भट्ट्यांचा नाही. ब्रिटनच्या जुन्या अणुवीज केंद्रांत अणुभट्टी थंड करायला कार्बन डायऑक्साइडच वापरत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथले साध्या पोलादाचे बोल्ट अपेक्षेपेक्षा वेगाने गंजताना आढळले, आणि वायूचं तापमान उतरवून कमी विजेवर भागवावं लागलं. ९ टक्के क्रोमियमच्या पोलादाची खोड आणखी वाईट: बराच काळ गंज संथ चालतो आणि मग एकदम वेग घेतो.

स्टेनलेसची ग्रेड आकड्यांनी ओळखतात: ३०४, ३१०, ३१६. बरेच ग्राहक म्हणतात, “३१६ लावा, महाग आहे म्हणजे चांगलंच असणार.” ३१६ मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्यासाठी उत्तम, तापलेल्या धुरात ते पैसे वाया जातात. तिथे क्रोमियम आणि निकेल हवं. ३०४ मध्ये ते साधारण १८ आणि ८ टक्के, ३१० मध्ये २५ आणि २०. म्हणून भट्टीकडच्या पहिल्या ओळी आम्ही ३१० च्या करतो, पुढे ३०४, आणि धूर निवल्यावर एमएस (साधं पोलाद). अख्खा एक्सचेंजर (धुराच्या उष्णतेने हवा तापवणारा नळ्यांचा संच) ३१० चा करून घेऊ नका, गरज नसते. आणि ३१० ही अमर नाही: ६५० ते ९०० अंशांत वर्षानुवर्षे राहिली तर तीही कडक होते. ज्योत थेट नळीवर आदळत असेल तर कोणतंच ग्रेड टिकणार नाही, आधी बर्नर सरळ करून घ्या.

घरच्या घरी एक तपासणी होते. भट्टी थंड असताना पपडी खरवडून ३१० च्या नळीला लोहचुंबक लावा. नवी नळी चिकटत नाही. गरम टोकाला ओढ जाणवू लागली तर तिथलं क्रोमियम खर्ची पडलं असं समजा आणि आम्हाला कळवा. ३०४ ला वाकवलेल्या जागी थोडी ओढ मुळातच असते, तिथे घाबरू नका.

पावसाळ्यात भट्टी बंद राहणार असेल तर काजळी झाडून डँपर (धुराच्या वाटेवरची झडप) लावून ठेवा. खाऱ्या दमटपणात ओली झालेली काजळी नळ्या वरून खाते.

नळ्या मागवताना इंधन (काजूची टरफलं, लाकूड की डिझेल), रोजचे तास आणि जुन्या नळीचा गरम टोकाकडचा कापलेला तुकडा सोबत पाठवा. तुकडा धुऊ नका, पपडीसकट हवा.