कंपनीचं सेक्रेटरियल काम बाहेर देताना
सांगली, मिरज, कुपवाड परिसरातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं भरणा झालेलं भांडवल 10 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो. आपल्या एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांना ही अट लागत नाही. पण सेक्रेटरीची सक्ती नाही म्हणून सेक्रेटरीचं काम सुटत नाही. बोर्डाच्या सभा, ठराव, मिनिट्स (सभेचं इतिवृत्त), भागधारकांचं रजिस्टर, पुण्याच्या आरओसीकडे (कंपनी निबंधक कार्यालयाकडे) जाणारे फॉर्म हे सगळं लाखभर भांडवलाच्या कंपनीलाही करावंच लागतं. त्यासाठी पगारी माणूस न ठेवता आमच्यासारख्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएसकडे (कंपनी सेक्रेटरीकडे) ते वार्षिक फीवर सोपवता येतं.

तुमची प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्म असेल तर हे पत्रक बाजूला ठेवलं तरी चालेल. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर वार्षिक विवरणपत्राचा फॉर्म 11 (30 मेपर्यंत) आणि हिशेबाचा फॉर्म 8 (30 ऑक्टोबरपर्यंत) एवढे दोन लक्षात ठेवा.

"आमचे सीए बघतात की सगळं," असं बरेच जण सांगतात. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण एकदा सीए साहेबांनाच विचारून घ्या की मिनिट बुक कोण लिहितं आणि शेअर सर्टिफिकेटं कुठे आहेत. अनेकदा दोघंही एकमेकांकडे बघतात.

काम आमचं, जबाबदारी तुमची

काम बाहेर दिलं तरी कायद्यापुढे उभा राहतो तो डायरेक्टरच. लागोपाठ तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही, तर त्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात आणि त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांनाही त्याचा फटका बसतो. 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरमधून काढून टाकल्या आणि तीन लाखांवर डायरेक्टर अपात्र ठरवले. तेव्हा "आमच्या माणसाने भरलं नाही" हे कुणाचंही उत्तर चाललं नाही.

म्हणून काम कुणालाही द्या, पण त्यांचा कंपनी सेक्रेटरी इन्स्टिट्यूटचा सभासद क्रमांक आणि प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट मागून बघा. आमचंही बघा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

ठरलेल्या तारखा

31 मार्चला वर्ष संपलं की 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. तिची नोटीस पूर्ण 21 दिवस आधी निघावी लागते, म्हणजे ऐन गणपतीच्या धावपळीत. सभेनंतर 30 दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म एओसी-4, 60 दिवसांत वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-7 किंवा लहान कंपनीसाठी एमजीटी-7ए. हे दोन्ही दसरा-दिवाळीच्या आसपास येतात, म्हणूनच राहून जातात. उशिराची जादा फी प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, तिला वरची मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर 73,000 रुपये, आणि ते माफ करून आणणं आमच्या हातात नसतं. कंपनीने घेतलेल्या आणि फेडायच्या बाकी असलेल्या कर्ज-ठेवींसाठी डीपीटी-3 हा फॉर्म 30 जूनपर्यंत. या तारखा आम्ही सांभाळतो. ऑडिट वेळेत पुरं करून घेणं मात्र तुमच्याकडे.

आधी सांगा, मग करा

खरी अडचण ठरलेल्या तारखांची नसतेच. काहीतरी घडून जातं आणि आम्हाला सहा महिन्यांनी ताळेबंदातून कळतं, तिथे घोळ होतो.

बँकेचं घ्या. कॅश क्रेडिट किंवा मशिनरी लोन झालं की तारणाची नोंद आरओसीकडे 30 दिवसांत करायची असते. जादा फी भरून ही मुदत एकूण 120 दिवसांपर्यंत ताणता येते. कर्ज घेताना बँक मागे लागते, त्यामुळे हे सहसा होतं. फेडल्यावर मात्र कुणी मागे लागत नाही. बँकेचं ना हरकत पत्र फाइलला लागतं, मालक सुटकेचा श्वास घेतात आणि बोजा फिटल्याचा फॉर्म सीएचजी-4 राहून जातो. काही वर्षांनी दुसऱ्या बँकेत नवीन कर्जाला गेलं की त्यांच्या सर्च रिपोर्टमध्ये जुना बोजा तसाच दिसतो. 300 दिवस उलटून गेले असतील तर रिजनल डायरेक्टरकडे (आरओसीच्या वरच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि इकडे नवीन बँकेच्या मंजुरी पत्राची मुदत संपून जाते. ना हरकत पत्र हातात पडलं त्याच दिवशी त्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲप करा.

दुसरं, हात उसने पैसे. हंगामात माल भरायला घरातून, पाहुण्यांकडून पैसे उचलले जातात आणि कंपनीच्या खात्यात जमा होतात. प्रायव्हेट कंपनीला डायरेक्टरकडून किंवा त्यांच्या नातेवाइकांकडून पैसे घेता येतात, पण ते स्वतःचे आहेत, कुठून कर्जाने काढलेले नाहीत, असं लेखी घेऊन. आता नातेवाईक कोण? कायद्याच्या यादीत आई-वडील, नवरा-बायको, मुलगा, सून, मुलगी, जावई, सख्खे किंवा सावत्र भाऊ-बहीण आहेत. मेव्हणा नाही, साडू नाही, सासरेही नाहीत. साडूने चांगुलपणाने दिलेले पाच लाख मग कायद्याच्या भाषेत "ठेव" होतात, आणि बेकायदा ठेवीची शिक्षा फार कडक आहे. ते डायरेक्टरला वैयक्तिक देतील आणि डायरेक्टर कंपनीत घालतील, हा उपायही चालत नाही, कारण ते पैसे उसनेच ठरतात. चेक जमा करण्याआधी एक फोन करा, मार्ग बहुतेक वेळा निघतो.

तिसरं बोलायला जड जातं, पण सांगायलाच हवं. वडील आणि मुलगा एवढेच दोन डायरेक्टर आणि तेच दोन भागधारक, अशा कंपन्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. वडील गेले की बोर्डाचा कोरमच (सभेला लागणारी किमान हजेरी) होत नाही. सभासदही एकच उरतो, आणि ही स्थिती सहा महिन्यांपुढे गेली तर त्यानंतर होणाऱ्या कंपनीच्या देण्याला तो उरलेला माणूस स्वतः जबाबदार धरला जाऊ शकतो. वारसांच्या नावे शेअर करायला कागद लागतात, भावंडांचं एकमत लागतं. एसएच-13 फॉर्मवर शेअरचं नॉमिनेशन करून ठेवलं आणि घरातला तिसरा माणूस आधीच डायरेक्टर म्हणून घेतला, तर यातलं बरंचसं टळतं.

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी

बेदाणा, हळद, द्राक्षाच्या उत्पादक कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. किमान पाच डायरेक्टर, दर तीन महिन्यांत बोर्डाची सभा, आणि सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश हजर असावे लागतात. 500 सभासद असतील तर 125 माणसं जमवायची आहेत, छाटणीच्या दिवसांत तारीख ठरवू नका. इथे पूर्णवेळ सेक्रेटरीची अट भांडवलावर नसून उलाढालीवर आहे: लागोपाठ तीन वर्षं सरासरी 5 कोटींच्या वर. हळदीच्या खरेदी-विक्रीत हा आकडा वाटतो तितका लांब नाही.

आमच्या काही अटी

डिजिटल सहीचं टोकन आणि पिन आम्ही ठेवून घेत नाही. सही तुमच्यासमोर, फॉर्म वाचून. थोडी गैरसोय होते, पण ते टोकन म्हणजे तुमची सहीच आहे. मागच्या तारखेची मिनिट्सही आम्ही लिहून देत नाही. सभा झाली नसेल तर झाली नाही, पुढे काय करायचं ते बघू.

आमची फी वर्षाला एकदा, लेखी ठरवून. सरकारी फी वेगळी, तिचं चलन प्रत्येक वेळी तुम्हाला मिळेल.

पहिल्या भेटीआधी दोन गोष्टी तपासा. कंपनीच्या नोंदीत कोणता ईमेल आहे? बऱ्याचदा तो नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो आणि आरओसीची पत्रं त्यालाच जात असतात. दुसरं, ऑफिसबाहेरच्या पाटीवर कंपनीचं नाव आणि पत्ता मराठीतही आहे का? कायद्याला स्थानिक लिपी लागते. आणि ऑफिस नदीकाठच्या पेठेत असेल तर 2019 आणि 2021 चा महापूर आठवून रजिस्टरं वरच्या मजल्यावर हलवा आणि स्कॅन करून ठेवा.

येताना मेमोरँडम, आर्टिकल्स, शेअर सर्टिफिकेटं, मिनिट बुक, बँकेची मंजुरी पत्रं, जे सापडेल ते आणा. लावून ठेवलेलं नसलं तरी चालेल, पिशवीत भरून आणलंत तरी आम्ही लावून घेऊ.