जे-१ व्हिसा आणि नोकरीमार्फत ग्रीन कार्ड

अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर तात्पुरत्या मुदतीसाठी गेलेल्या व्यक्तीने तिथल्या नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवण्याचा मार्ग. कायद्यात असा एकसंध मार्ग कुठे लिहिलेला नाही. एका बाजूला परत जाण्याच्या अटीवर दिलेला व्हिसा आणि दुसऱ्या बाजूला राहू देण्याचा अर्ज, अशा परस्परविरोधी दोन गोष्टींची सांगड इथे घालावी लागते. ती बसते की नाही हे बहुतेक वेळा कोणता कागद आधी आणि कोणता नंतर, यावर ठरते.

महाराष्ट्रातून या वाटेने जाणाऱ्यांत पीएचडीनंतर पोस्टडॉक करणारे संशोधक आणि एमबीबीएसनंतर रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, निघालेले डॉक्टर प्रामुख्याने असतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर किंवा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था इथून अमेरिकी विद्यापीठात गेलेल्या पोस्टडॉकच्या हाती सहसा हाच व्हिसा असतो, कारण विद्यापीठाला तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसापेक्षा स्वस्त आणि सोपा पडतो. अडचण संशोधकाची होते, आणि ती दोन-तीन वर्षांनी ध्यानात येते.

देवाणघेवाणीची कल्पना १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्यातली. परदेशी लोकांनी यावे, शिकावे, अमेरिकेबद्दल बरे मत घेऊन घरी जावे, असा त्यामागचा शीतयुद्धकालीन हिशेब. प्रत्यक्षात पाहुणे राहू लागले, म्हणून १९५६ मध्ये दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट कायद्यात आली. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने 'जे' हा स्वतंत्र व्हिसाप्रकार निर्माण केला. सरसकट सगळ्यांवर असलेली ही अट १९७० मध्ये सैल झाली. ज्यांचा खर्च अमेरिकी किंवा मायदेशच्या सरकारने केला आहे किंवा ज्यांचे कौशल्य मायदेशाला हवे असल्याचे 'स्किल्स लिस्ट' या यादीत नमूद आहे, एवढ्यांपुरतीच ती उरली. १९७६ मध्ये वैद्यकीय प्रशिक्षणासाठी येणारे डॉक्टर तिच्या कक्षेत आणले गेले.

ही अट इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ई) मध्ये आहे. जिच्यावर ती लागू आहे अशा व्यक्तीला मायदेशी एकूण दोन वर्षे राहिल्याशिवाय किंवा सूट मिळवल्याशिवाय एच (एच-१बीसारखे) किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीचा) व्हिसा मिळत नाही, आणि ग्रीन कार्डही मिळत नाही. दोन वर्षे सलग असण्याची गरज नाही. वेगवेगळ्या खेपांत काढलेले दिवस एकत्र मोजले जातात. जे-२ व्हिसावर सोबत गेलेले पती-पत्नी आणि मुलेही त्याच अटीत अडकतात. पासपोर्टावरच्या व्हिसावर आणि डीएस-२०१९ या फॉर्मवर वाणिज्य दूतावासाचा अधिकारी अट लागू असल्याचा किंवा नसल्याचा शेरा मारतो, पण तो अंतिम नसतो. शेरा चुकल्याची शंका असेल तर अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे लेखी मत मागता येते.

भारतीयांच्या दृष्टीने मोठा बदल ९ डिसेंबर २०२४ रोजी झाला. त्याआधीच्या २००९ च्या स्किल्स लिस्टमध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकीची अनेक क्षेत्रे भारताच्या नावापुढे होती. नव्या यादीतून भारत पूर्णपणे वगळला गेला, चीनही वगळला गेला, आणि हा बदल पूर्वी आलेल्यांनाही लागू करण्यात आला. केवळ यादीमुळे बांधले गेलेले संशोधक त्यामुळे एका दिवसात मोकळे झाले. सरकारी पैशाची आणि वैद्यकीय प्रशिक्षणाची बंधने मात्र तशीच राहिली. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर गेलेल्याला आजही दोन वर्षे परत यावे लागते किंवा सूट मागावी लागते. या शिष्यवृत्तीमागचा मूळ भारत-अमेरिका करार फेब्रुवारी १९५० चा आहे.

याच ठिकाणी एक गोंधळ नेहमी होतो. प्राध्यापक आणि रिसर्च स्कॉलर या जे-१ गटांना एक कार्यक्रम संपल्यावर त्याच गटात परत येण्यासाठी २४ महिने थांबावे लागते. हाही दोन वर्षांचाच नियम, त्यामुळे अनेकजण तो २१२(ई) शी जोडतात. पण तो फक्त जे-१ च्या पुनरागमनापुरता आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डाशी त्याचा संबंध नाही. उलट, २१२(ई) मधून सूट मिळाली म्हणून हा नियम टळत नाही.

दोन वर्षांची अट नसली तरी हेतूचा प्रश्न उरतोच. जे-१ च्या व्याख्येतच मायदेशातले घर सोडण्याचा इरादा नसावा असे म्हटले आहे. एच-१बी आणि एल-१ धारकांना कायदा दुहेरी हेतूची मुभा देतो: तात्पुरते या आणि कायमचे राहण्याचा अर्जही करा. जे-१ ला ती नाही. म्हणून ग्रीन कार्डाची पहिली पायरी, म्हणजे आय-१४० अर्ज, झाल्यावर जे-१ व्हिसाचे नवे स्टॅम्पिंग घ्यायला मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जाणे धोक्याचे ठरते. डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मवर तुमच्या नावाने कोणी इमिग्रंट अर्ज केला आहे का, असा थेट प्रश्न असतो. खरे उत्तर दिले तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि खोटे दिले तर त्याचे परिणाम आयुष्यभर मागे लागतात. अनुभवी वकील म्हणूनच सांगतात की आय-१४० टाकल्यावर भारताचे तिकीट काढण्याआधी विचारा.

इथे आय-१४० आणि आय-४८५ यांतला फरक महत्त्वाचा आहे. आय-१४० म्हणजे ही व्यक्ती या श्रेणीत बसते, एवढी कबुली. २१२(ई) ची अट डोक्यावर असतानाही तो अर्ज करता येतो आणि मंजूरही होतो. आय-४८५ हा खऱ्या अर्थाने ग्रीन कार्डाचा अर्ज, आणि तो अट फिटल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय चालत नाही. भारतात जन्मलेल्यांसाठी आय-१४० लवकर टाकण्याचे खरे कारण वेगळेच असते: त्यामुळे रांगेतली जागा, म्हणजे प्रायॉरिटी डेट, धरली जाते आणि पुढे नोकरी देणारा मालक बदलला तरी ती सहसा टिकते.

मालकामार्फत अर्ज करण्याची नेहमीची वाट म्हणजे अमेरिकी कामगार खात्याचे प्रमाणपत्र. मार्च २००५ पासून ही प्रक्रिया 'पर्म' नावाने चालते: प्रचलित वेतन ठरवून घेणे, जाहिराती देणे, पात्र अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे दाखवणे. पोस्टडॉकसाठी ही वाट फारशी उपयोगी नाही, कारण कायम वास्तव्य मागताना नोकरीही कायमची हवी. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांचे ईबी-१, ईबी-२, ईबी-३ असे गट आहेत. ईबी-१ मधल्या 'उत्कृष्ट संशोधक' या श्रेणीला पर्म लागत नाही, पण तिथेही विद्यापीठाने कायमस्वरूपी संशोधनपद किंवा टेन्युअर ट्रॅकची, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी प्राध्यापकाची, जागा देऊ केलेली असावी लागते. आणि जे-१ चे नियम म्हणतात की रिसर्च स्कॉलर हा टेन्युअर ट्रॅक जागेचा उमेदवार नसावा. म्हणजे ज्या नोकरीवर ग्रीन कार्ड मागायचे ती जे-१ वर करता येत नाही, आणि जी जे-१ वर करता येते तिच्यावर ग्रीन कार्ड मागता येत नाही. पुष्कळ संशोधक यामुळे मालकाची वाट सोडून ईबी-१ ची 'असामान्य क्षमता' किंवा ईबी-२ मधली राष्ट्रहिताची सवलत यांखाली स्वतःच अर्ज करतात.

ज्यांना मालकामार्फतच जायचे आहे त्यांच्यासाठी रूढ क्रम असा: आधी २१२(ई) चा निकाल लावणे, मग एच-१बी, मग आय-१४०, आणि रांगेतली तारीख आल्यावर आय-४८५. विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था ८५,००० च्या वार्षिक एच-१बी मर्यादेबाहेर असल्याने तिथे सोडतीचा प्रश्न नसतो. आय-१४० मंजूर असेल तर एच-१बी सहा वर्षांच्या पुढेही वाढतो. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने परदेशातून आणायच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी १,००,००० डॉलर लादले. अमेरिकेतच राहून व्हिसाप्रकार बदलणाऱ्याला ते लागू नाहीत, असे इमिग्रेशन सेवेने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केले. देश न सोडता जे-१ वरून एच-१बीवर जाण्याचे महत्त्व त्यामुळे एकदम वाढले. अटीत अडकलेल्याला मात्र सूट मिळेपर्यंत असा बदल करता येत नाही. असामान्य क्षमतेच्या लोकांसाठीचा ओ-१ व्हिसा त्याला मिळू शकतो, पण बाहेर जाऊन स्टॅम्पिंग घेऊनच.

सूट मागण्याचे पाच आधार आहेत: मायदेशाचे ना हरकत पत्र, अमेरिकी सरकारी संस्थेची विनंती, मायदेशी छळाची भीती, अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला वा मुलाला होणारा असाधारण त्रास, आणि डॉक्टरांसाठी राज्याची शिफारस. भारतीय संशोधकांचा भर पहिल्यावर. भारत सरकार 'नोरी' नावाचे, परत येण्याचे बंधन नसल्याचे पत्र देते, आणि त्यासाठी राज्य सरकारसह अनेक कार्यालयांचे ना हरकत दाखले गोळा करावे लागतात. आपल्याकडे गच्चीवर पत्रा टाकायलाही ना हरकत लागते, पण इथे त्या दाखल्याचा अर्थ 'हा परत आला नाही तरी आमची तक्रार नाही' असा होतो. सूट कधी मागावी यालाही महत्त्व आहे: अमेरिकी परराष्ट्र खात्याची अनुकूल शिफारस एकदा गेली की जे-१ ची मुदत पुढे वाढवता येत नाही. घाई करणारा संशोधक सूट मिळवून बसतो, एच-१बी अजून तयार नसतो, आणि करार संपतो.

डॉक्टरांना ना हरकत पत्राचा दरवाजा अमेरिकी कायद्यानेच बंद आहे. भारतानेही २०११ मध्ये डॉक्टरांना नोरी देणे थांबवले. त्यांच्यासाठी १९९४ मध्ये सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने ओळखली जाणारी योजना आली. प्रत्येक राज्याला सुरुवातीला वर्षाला २० डॉक्टरांची शिफारस करता येई, २००२ पासून ३० जणांची करता येते. डॉक्टराने वैद्यकसेवेची टंचाई असलेल्या भागात एच-१बीवर तीन वर्षे पूर्णवेळ काम करायचे, आणि ती पूर्ण झाल्यावरच ग्रीन कार्ड. कॉनरॅड नॉर्थ डकोटा या विरळ वस्तीच्या राज्याचे. मुंबई-पुण्यात शिकलेला डॉक्टर अशा राज्यातल्या छोट्या गावात का राहतो, याचे उत्तर पुष्कळदा या तीन वर्षांत सापडते.

एवढे सगळे जुळले तरी भारतात जन्मलेल्यांसाठी रांग उरते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाचा वाटा ७ टक्के, त्यामुळे ईबी-२ आणि ईबी-३ मध्ये भारताची तारीख दहा वर्षांहून अधिक मागे आहे. रांग नागरिकत्वावर नव्हे तर जन्मस्थळावर ठरते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला, पण मडगावात जन्मलेला गोवेकर तरुणही भारताच्याच रांगेत मोजला जातो. याला एक अपवाद आहे: दोघांचे अर्ज एकत्र असतील तर जोडीदाराचा जन्मदेश लावता येतो. नवरा सोलापूरचा आणि बायको, वडिलांच्या नोकरीमुळे, मस्कतला जन्मलेली असेल, तर दोघेही ओमानच्या रांगेत उभे राहू शकतात, आणि ती भारताच्या मानाने फार आखूड असते.