लॅबच्या खोलीतलं सॉफ्टवेअर घरी कसं आलं

इंजिनिअरिंगला असताना आमची लॅब पाचला बंद व्हायची. दाराबाहेर चपलांची रांग, आत एसीचा गारवा, आणि पावणेपाचला असिस्टंट सरांची हाक: "चला, सेव्ह करा, मशीन बंद करा." सिम्युलेशन अर्धवट राहिलं की पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलची वाट बघायची, कारण ते सॉफ्टवेअर त्या खोलीबाहेर कुठेच नव्हतं.

आज अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी लॅबमधलं सॉफ्टवेअर घरून वापरतात. ही सोय कोविडमुळे आली असं सर्रास म्हटलं जातं, पण तिची मुळं साठ वर्षं मागे जातात.

तेव्हा संगणक दूरच असायचा. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. प्रोग्रॅम पंचकार्डांवर उतरवायचा, गठ्ठा जमा करायचा आणि छापील उत्तराची वाट बघायची. एका कार्डावरचं छिद्र चुकलं तरी पुन्हा रांगेत. त्याच वर्षी १ मेच्या पहाटे चार वाजता अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक या सोप्या संगणक-भाषेतले दोन प्रोग्रॅम एकाच संगणकावर एकाच वेळी चालले. तिथले प्राध्यापक जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची ही टाइम-शेअरिंगची, म्हणजे एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची योजना, आणि यंत्रणेचा बराचसा कोड लिहिला तो पदवीच्या विद्यार्थ्यांनी. टेलिटाइपवर, म्हणजे तारेने संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर खडखडत टाइप करायचं, उत्तर त्याच कागदावर उमटायचं. ग्रंथालयात कपाटापाशी जाऊन पुस्तक हातात घेता येतं, तितक्या सहज विद्यार्थ्याला संगणक मिळावा, असा केमेनींचा आग्रह होता. मला या सगळ्या इतिहासात तोच सर्वात मोलाचा वाटतो.

पुढे पीसी आला आणि संगणक स्वस्त झाला, पण सॉफ्टवेअर एकेका यंत्राला जखडलं गेलं. महागड्या पॅकेजला तर मागच्या पोर्टमध्ये खोचायचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्लीच लागे. यातून वाट काढणारा मोठा प्रयत्न म्हणजे एमआयटीचा १९८३चा प्रोजेक्ट अथेना. कॅम्पसवरच्या कुठल्याही वर्कस्टेशनवर बसा, तुमच्या फायली समोर हजर. प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर दाखवणारी एक्स विंडो प्रणाली तिथेच जन्मली, नेटवर्कवर वापरणाऱ्याची ओळख पटवणारी कर्बेरॉस प्रणालीही. १९९८ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी दूरचा संगणक चालवायचं व्हीएनसी हे सॉफ्टवेअर मोफत खुलं केलं आणि त्याच कामाचा मायक्रोसॉफ्टचा टर्मिनल सर्व्हरही त्याच वर्षी आला. दूरच्या यंत्राचा अख्खा डेस्कटॉप आता आपल्या पडद्यावर दिसू लागला.

विद्यापीठासाठी या सगळ्याची नीट घडी बसवली ती अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने. २००४ पासून तिथल्या व्हर्च्युअल कम्प्युटिंग लॅबमध्ये विद्यार्थी वेबवर हवं ते पॅकेज आणि वेळ निवडायचा. सर्व्हरवर तयार यंत्रणा चढवली जायची आणि जोडणीचा तपशील त्याच्या हाती यायचा. विद्यार्थ्यांची गर्दी ओसरली की तीच यंत्रं संशोधनाच्या मोठ्या गणितांना जुंपली जात. हा प्रकल्प नंतर मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनकडे गेला.

आपल्याकडेही काम झालं. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात पुण्याचं सीओईपी, म्हणजे जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय, सहभागी आहे. तिथे प्रयोगांची सिम्युलेशन ब्राउझरमध्येच चालतात. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. पोलादाची छोटी पट्टी, खाली तापणारी नायक्रोमची तार, शेजारी संगणकातला साधा पंखा. असे हीटर त्यांनी सर्व्हरला जोडले. विद्यार्थ्याने स्लॉट बुक करायचा, घरी सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर उघडायचं आणि पवईतली खरीखुरी पट्टी तापवायची.

म्हणजे मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा तंत्र तयार होतं. अनेक ठिकाणी गाडी अडली ती लायसन्सवर. करार कॅम्पसपुरते, कधी ठरावीक यंत्रांपुरते. घरून वापराचा त्यांत उल्लेखच नाही. काही कंपन्यांनी तात्पुरती मुभा दिली, पण ती मुदतीची होती. आणि ज्या मुलाकडे फक्त मोबाइल होता, त्याला सहा इंची पडद्यावर कॅडचं, म्हणजे संगणकावर आखायचं ड्रॉइंग बोटाने कसं काढता येणार? म्हणून नवं पॅकेज घेताना कॉलेजने दोन गोष्टी आधी ठरवाव्यात असं मला कळकळीने वाटतं: घरून वापराचं कलम करारात लिहून घ्यायचं, आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना तो सेमिस्टरभर वापरायला द्यायचा.