सिलोन, कॅसेट आणि चाली: कोकणात गाणी कशी पोचत आली

अलीकडे कोकणातल्या कुठल्याही वाडीच्या ग्रुपवर सकाळी बघा, कुणीतरी नाट्यगीत टाकलेलं असतं, त्याच्याखाली लगेच डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याची, क्लिप, मग सत्तरच्या दशकातलं एखादं हिंदी गाणं, मग सावंतवाडी-बांद्याकडचा कोणीतरी गोव्याचं कांतार, म्हणजे कोंकणी गाणं, टाकतो आणि पोरं त्यातच मालवणी रॅप टाकून मोकळी होतात. हे सगळं एकाच माणसाला आवडतं याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. पण ही सवय मोबाईलने लावलेली नाही. ती त्याच्या खूप आधीची आहे आणि तिचं मूळ शोधायला गेलं तर माझ्या मते १९५२ च्या एका सरकारी निर्णयापाशी थांबावं लागतं.

त्याच्या आधीचं थोडक्यात. हिंदुस्थानात तबकड्या १९०२ पासून निघायला लागल्या, ७८ आरपीएमच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, पण ग्रामोफोन असायचा तो एखाद्या खोताच्या नाहीतर व्यापाऱ्याच्या घरी. बाकी गावाला गाणं मिळायचं ते गिरगाव-लालबागहून गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या तोंडून, आणि तेही बऱ्याच वेळा शब्दांशिवाय, नुसती चाल. ती चाल मग भजनात शिरायची, जाखडीच्या नाचगाण्यात शिरायची. मूळ गाणं कुणी गायलं, कुठल्या नाटकातलं, हे कुणी विचारत बसायचं नाही.

आता १९५२. त्या वर्षी केंद्रात बाळकृष्ण केसकर हे नवीन माहिती-प्रसारण मंत्री आले, ते मूळचे पुण्याचे, शास्त्रीय गाणं शिकलेले, आणि सिनेमाचं संगीत लोकांची अभिरुची बिघडवतंय असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे जे झालं त्याला आपल्याकडे सरसकट 'रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांना बंदी घातली' असं म्हणतात, पण ते तितकं सरळ नाही आणि इथे जरा थांबायला हवं, कारण दर वेळी हा विषय निघाला की अर्धीच गोष्ट सांगितली जाते. कागदावर बंदी नव्हती. आधी सिनेमाच्या गाण्यांचा वेळ एकूण कार्यक्रमांच्या दहा टक्क्यांवर आणला, जी गाणी लावायची ती आधी तपासायची असं ठरलं, आणि गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात. यावर सिनेमाचे निर्माते भडकले. त्यांचं म्हणणं, नाव सांगणार नसाल तर आमची गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतो, आणि ती त्यांनी काढून घेतली. त्यामुळे काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायबच झाली. म्हणजे सरकारने दार अर्धं लावलं आणि उरलेलं अर्धं निर्मात्यांनी. दोष एकट्या मंत्र्याचा नाही, पण सुरुवात त्यांची, हे नाकारता येत नाही.

मंत्र्यांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. संस्थानं विलीन झाली तसा गवयांचा आधार गेला होता आणि रेडिओने तो दिला. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ चाच. सिनेमाच्या गाण्याला पर्याय म्हणून रेडिओवर सुगम संगीताचे विभाग निघाले. पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ पासून वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी सादर करणारं गीतरामायण झालं, ते मराठी घरांत कसं ऐकलं गेलं हे सांगायची गरज नाही. हे सगळं खरं आणि मोलाचं आहे. तरीपण लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवायचं, आणि त्यांना जे आवडतं ते हलकं म्हणून बाजूला काढायचं, हे चूकच होतं असं मला वाटतं. एका गाण्याला जागा द्यायला दुसऱ्या गाण्याची जागा काढून घ्यायची काही गरज नव्हती.

आणि लोकांनी ते ऐकून घेतलंही नाही. कोलंबोला महायुद्धातल्या लष्करी रेडिओचा तगडा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर शिल्लक होता. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परतून हजारो किलोमीटरवर उतरतात, त्यामुळे रेडिओ सिलोन सगळ्या उपखंडात ऐकू यायचा. तिथे जाहिराती चालत होत्या, सिनेमाची नावं घ्यायला मनाई नव्हती, आणि डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तिच्यात पुढे गाण्यांची पायदानं, म्हणजे लोकप्रियतेचे क्रमांक, लागायला लागली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कोकणापुरतं बोलायचं तर खरा फरक इथे पडला. मुंबई केंद्र मध्यम लहरींवर किनाऱ्याच्या गावांत बरं लागायचं, कारण या लहरी जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून जास्त लांब जातात. सड्यापलीकडे, म्हणजे कातळाच्या पठारापलीकडे, घाटाच्या पायथ्याला जाल तसा आवाज पातळ व्हायचा. म्हणजे मुंबई आपोआप यायची, सिलोन शोधावा लागायचा. २५ मीटर, ३१ मीटर, ४१ मीटर, कुठल्या वेळी कुठला बँड साफ लागतो हे माहीत असावं लागायचं, एरियलची तार माडाला नाहीतर फणसाला उंच बांधावी लागायची, आवाज येता येता बुडाला तर थांबून राहावं लागायचं. ज्याला हे जमायचं त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बुधवारी रात्री अख्खी वाडी जमायची. आवडीचं गाणं मुद्दाम शोधायचं आणि सापडलं की चार जणांना बोलावून ऐकवायचं, ही रीत इथून पक्की झाली असं माझं म्हणणं आहे. निर्णय घेणाऱ्यांना नेमकं याच्या उलट हवं होतं.

मग पोस्टकार्डं. फर्माईश म्हटली की सगळे तेव्हाच्या बिहारमधल्या झुमरी तिलैय्या गावाचं नाव घेतात, पण कोकणातल्या गावांतूनही कार्डं जात होती, एका गाण्याखाली वाडीतल्या दहा-बारा जणांची नावं घालून. जत्रेत सिनेमाच्या गाण्यांच्या पातळ चोपड्या मिळायच्या, त्यातून शब्द पाठ व्हायचे. आकाशवाणीलाही शेवटी वळावं लागलं, ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूरला तिच्यावर जाहिरातीही आल्या. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आले तसा रेडिओ सेलवर चालायला लागला आणि वीज न पोचलेल्या वाड्यांत, मासेमारीच्या होड्यांवर, काजूच्या बागेत राखणीला बसलेल्याकडे गाणं पोचलं. रत्नागिरीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं ते १९७७ मध्ये, तेव्हा कुठे इथली लोकगीतं, इथले आवाज इथल्याच रेडिओवर नियमित यायला लागले.

पेटीचंही, म्हणजे हार्मोनियमचंही, सांगायला हवं, कारण ते याच विचारातून आलेलं आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटी बंद होती. कारण काय तर तिचे सूर ठरलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती बसत नाहीत, आणि वाद्य विलायती. १९७१ नंतर साथीला तिला सशर्त परवानगी मिळाली, सोलो वाजवायला तर कितीतरी वर्षं नव्हती. आता कोकणातलं भजन घ्या. बुवा पेटीवर बसतो, तोच गातो, तोच वाजवतो, पखवाज-झांज त्याच्या पेटीकडे बघून चालते. देशाच्या रेडिओने तीस वर्षं जे वाद्य दाराबाहेर ठेवलं ते इथे देवळात देवासमोर होतं. आपलं भजन रेडिओवर इतक्या उशिरा आणि इतकं कमी का दिसतं याचं एक कारण हे आहे, आणि ते फारसं कुणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. सिलोनवरून जी हिंदी गाणी यायची त्यांच्या मागचा वाद्यमेळ लिहिणारे बरेच जण आपल्याच किनाऱ्याचे, गोव्याचे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, ती पोरं पुढे मुंबईत जाझ बँडमध्ये वाजवायला लागली आणि तिथून सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, हे लोक ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायचे. पडद्यावर त्यांचं नाव फार क्वचित यायचं. म्हणजे वेंगुर्ल्यात कुणी कोलंबो लावून जे ऐकत होता त्यातला व्हायोलिनचा तुकडा म्हापसा-मडगावकडच्या माणसाने लिहिलेला असायची चांगलीच शक्यता. हलकं, परकं म्हणून हिणवलेल्या या संगीतात किनाऱ्याचा एवढा हात आहे.

मग ऐंशीचं दशक आणि कॅसेट, आणि हा काळ मी जवळून बघितलाय. पहिले टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेले, आखातातून आले. रत्नागिरी, दापोली, खेड, राजापूरच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतली माणसं तिकडे कामाला होती, सुट्टीवर येताना टेप हमखास, आणि सोबत कव्वाल्या, गझला, अरबी गाणी. तेव्हाच दिल्लीकडच्या नवीन कंपन्यांनी कॅसेट एवढ्या स्वस्त केल्या की तबकडीच्या कंपनीची मक्तेदारी मोडली. आणि त्याहीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे 'भरून देणारे'. बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या बाजूला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एक छोटं दुकान असायचं, तिथे कागदावर आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी नेऊन द्यायची, साठची घ्यायची की नव्वदची ते सांगायचं, आणि दोन-चार दिवसांनी कॅसेट भरून मिळायची. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, साधारण सहा-सात गाणी, त्यामुळे निवड करावीच लागायची. एका बाजूला भावगीतं, दुसऱ्या बाजूला नवीन पिक्चर, शेवटी पाच मिनिटं उरली तर दुकानदार स्वतःच्या मनाने एखादं गाणं टाकायचा आणि कित्येकदा तेच गाणं सगळ्यात जास्त आवडायचं. कुणाची यादी चांगली असली तर दुसरा येऊन म्हणायचा, त्याला भरून दिली तशीच मला द्या. हे कायद्यात बसत नव्हतं, कलाकाराला त्यातून छदाम मिळत नव्हता, आणि ते गैरच होतं. पण जी जुनी गाणी कंपन्या पुन्हा काढतच नव्हत्या ती कोकणात टिकली ती या दुकानांमुळे, हेही तितकंच खरं.

डबलबारीला तर कॅसेटने पंख दिले. समोरासमोर दोन बुवा, गजर, अभंग, गौळण, मग सवाल-जवाब, रात्रभर चालणारी बारी, आणि पुढच्या रांगेत दहा-बारा टेपरेकॉर्डर लाल बटण दाबून ठेवलेले. कणकवलीत झालेली बारी आठवड्यात लालबागच्या चाळीत वाजायची. याच सुमाराला बुवा नवीन पिक्चरच्या चाली भजनात भरपूर घ्यायला लागले आणि जुन्या लोकांत त्यावरून नाराजी झाली, ती अजून आहे. मला ती पटत नाही. चाल उचलायची आणि तिच्यात आपला देव बसवायचा हे इथे नाटकाच्या गाण्यांपासून चालत आलंय, आणि कित्येक जणांनी मूळ गाणं भजनानंतर ऐकलंय. भजन संपल्यावर बुवाला गाठून 'ह्या गाणा खंयच्या पिक्चरातला?' विचारायचं, हीच तेव्हा नवीन गाणं शोधायची पद्धत होती.

पुढचं झरझर झालं. सीडी आल्या, एमपीथ्रीच्या एका सीडीत शे-दीडशे गाणी मावायला लागली. मग तीच दुकानं मेमरी कार्ड भरून द्यायला लागली, पण आता यादी कोणी देत नव्हतं, 'दोन जीबी भरा, मराठी-हिंदी मिक्स' एवढंच. निवड तिथेच सुटायला लागली होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि दुकानं बंद पडली किंवा रिचार्जकडे वळली. आता पुढचं गाणं ॲप स्वतःच लावतं. चांगलं आहे, सड्यावरच्या घरातल्या पोराला जगातलं कुठलंही गाणं एका बोटावर मिळतं, आणि यूट्यूबवर जुन्या बाऱ्या, नमन, दशावतार जेवढं आज बघायला मिळतं तेवढं आधी कधीच मिळत नव्हतं. पण ॲपला कुडाळचा रसिक म्हणजे एक भाषा, एक साल, एक प्रकार एवढंच कळतं. नाट्यगीत, कव्वाली आणि गौळण एका बैठकीत ऐकणारा माणूस त्याच्या हिशोबात बसत नाही, म्हणून ते काम अजून माणसांनाच ग्रुपवर करावं लागतं.

सध्या सगळ्यात तातडीचा प्रश्न त्या रेकॉर्डिंगचा आहे. डबलबारीच्या, जाखडीच्या, गावच्या नाटकांच्या ज्या कॅसेट लोकांनी स्वतः भरल्या त्या कुठल्याही कंपनीने कधी काढल्या नाहीत, त्यामुळे त्या ॲपवर येणार नाहीत, ज्या माळ्यावर आहेत तिथेच आहेत. आपल्या पावसाळ्यात टेपच्या पट्टीवर पांढरी बुरशी धरते, आतली स्पंजची गादी निखळते, पट्टी एकमेकीला चिकटते. अशी कॅसेट सरळ प्लेअरमध्ये घालू नये, बुरशी हेडवर बसते आणि पट्टी तुटू शकते. आधी ती नीट बघावी, बुरशी दिसली तर न फिरवता जाणकाराकडून साफ करून घ्यावी, नसली तर कोरड्या दिवशी हलक्या हाताने पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, गादी गेली असली तर स्क्रूवाल्या चांगल्या कॅसेटच्या कवचात रीळ बदलून घ्यावं, आणि एकदाच नीट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं. वर कुठली बारी, कुठल्या देवळात, कोण बुवा, कुठलं साल, हे जे आठवतं ते लिहून ठेवावं, कारण हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. काही गावांत तरुण मुलं हे काम घरोघर जाऊन स्वखर्चाने करतायत, त्यांच्याकडे चालू स्थितीतले कॅसेट डेक कमी आहेत, कुणाकडे पडून असेल तर द्यावा.